बेसबॉलचं वऱ्हाड

मालकांना बेसबॉल कळत नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांना कळत होतं ते लग्न. नगरहून पाथर्डीच्या रस्त्यानं निघालं की एका छोट्या शहराच्या तोंडाशीच त्यांचं मंगल कार्यालय लागतं. पुढं पत्र्याचा मांडव, आत वर-वधूच्या खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं लांबच लांब माळ. 'छोटं शहर' हे मी त्यांच्या धाकानं लिहिलं. नगरपंचायत झाल्यापासून त्यांच्यासमोर कुणी 'तुमच्या गावात' म्हणालं की ते त्याला मध्येच तोडायचे. "गाव न्हाई. शेहर हाय." आणि समोरून म्हशी चालल्या असतील तर त्या जाईपर्यंत थांबून पुन्हा एकदा सांगायचे.

सगळा तालुका त्यांना मालकच म्हणायचा. त्यांची बायकोही स्वयंपाकघराच्या दारातून "मालक, मीठ संपलं" असा पुकारा करायची. खांद्यावर टॉवेल, खिशात अत्तराची बाटली आणि चेहऱ्यावर एक कायमची काळजी. कुणाचा तरी मानपान राहून गेलाय, कुणीतरी कोपऱ्यात रुसून बसलंय आणि आपल्या लक्षात आलेलं नाही, अशी ती काळजी होती. आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं लावणाऱ्या माणसाला ती जडतच असावी.

मी तेव्हा राज्याच्या महिला बेसबॉल संघाची कॅचर होते, म्हणजे फलंदाजाच्या मागं बसून चेंडू पकडणारी. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी, दर फेब्रुवारीत आमचं सराव शिबिर भरायचं. पूर्वी ते नगरमधल्या एका शाळेत व्हायचं. एका वर्षी त्या शाळेला बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र मिळालं आणि ऐन वेळी आम्हाला खोल्या मिळेनात. आमचे प्रशिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, जागा शोधत मोटारसायकलवर फिरत होते. ऊन लागलं म्हणून ते या कार्यालयाच्या मांडवात टेकले. मालकांनी चहा दिला आणि माणसं किती, मुक्काम किती, तिखट चालतं का, एवढंच विचारलं. त्या पंधरवड्यात मुहूर्त नव्हते. रिकामं कार्यालय बघून मालकांचा जीव कासावीस व्हायचा. त्यामुळं सौदा चहा संपायच्या आत ठरला. खेळ कोणता, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

आम्ही बसमधून उतरलो तर दारात सनई लागलेली. दोन बायका गुलाबपाणी शिंपडत होत्या. मालक स्वतः प्रत्येकीच्या मनगटावर अत्तर लावत होते. त्या अत्तराचा परिणाम असा झाला, की पहिल्या सरावात आमच्या कुणाच्याच हातात चेंडू ठरेना आणि ग्लोव्ह्जना पुढं कित्येक वर्षं हिना अत्तराचा वास येत राहिला. संध्याकाळी सरांना टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला, आणि आम्हा प्रत्येकीला एकेक ब्लाउजपीस. हे दर वर्षी होत गेलं. माझ्या आईच्या कपाटात त्या ब्लाउजपिसांचा एक वेगळा गठ्ठा होता, आणि आमच्या घरी कुणी सवाष्ण आली की तिच्या ओटीत बेसबॉल पडायचा.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. पिचर जिथून चेंडू टाकते तिथं मातीचा एक लहानसा उंचवटा लागतो. सरांनी तो मालकांना नीट समजावून सांगितला होता. मध्यभागी थोडी उंच जागा करायची, तिच्यावर एक मुलगी उभी राहते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं असतं. मालक म्हणाले, समजलं. सकाळी आम्ही माळावर गेलो तेव्हा गवंडी हात धूत होते. विटांचा, सिमेंटचा गिलावा केलेला ओटा तयार होता, वर जायला पायऱ्या होत्या, आणि ओट्यावर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. सर बराच वेळ त्या पायरीवर डोकं धरून बसले. मालकांना वाटलं, त्यांना ओटा आवडला.

तो ओटा फोडावा लागला. मालकांनी हूं की चूं केलं नाही, पण दोन दिवस ते आमच्याशी तुटक वागले. त्यांचा खरा राग निघाला तो होमप्लेटवर, म्हणजे फलंदाज उभी राहते त्या जागेवर. मैदान आखण्यासाठी सरांनी फक्की मागवली होती. मालकीणबाईंनी उरलेल्या फक्कीची होमप्लेटभोवती मोठी रांगोळी काढली, कमळ आणि दोन मोर. पहिल्या सामन्यात पंचांनी ती बुटानं पुसली. मालक तावातावानं मैदानात आले आणि त्यांनी पंचांना बाजूला घेऊन सांगितलं की भटजींनी असं वागू नये. पंच वयस्कर होते, डोक्याला टक्कल होतं आणि सगळे त्यांचं ऐकत होते. मालकांच्या हिशेबात ते भटजीच होते. शेवटपर्यंत तेच राहिले. त्यांच्यासाठी पाट आणि चांदीचा पेला वेगळा काढलेला असायचा.

पण एक मान्य केलं पाहिजे. हा खेळ गावाला, म्हणजे शहराला, समजावला तो मालकांनीच. पहिल्या वर्षी सामना बघायला बरीच माणसं जमली होती. सरांनी माईकवरून त्यांना नियम सांगायला सुरुवात केली. बेस, स्ट्राइक, फाउल, फोर्स आउट. माणसं एकेक करून उठायला लागली. मग मालकांनी सरांच्या हातातून माईक घेतला.

"हे वऱ्हाड हाय," ते म्हणाले. "घरून निघायचं, तीन ठिकानी मुक्काम करायचा, आन फिरून घरी यायचं. घरी आलं की एक. मधल्या वाटंवर कुनी गाठलं, तर वऱ्हाड बुडालं. बसा आता खाली."

माणसं बसली. अर्ध्या तासात लोक "सोड मुक्काम, सोड!" असं ओरडत होते आणि त्यांची एकही आरोळी चुकीच्या वेळी पडत नव्हती. सर नंतर मला म्हणाले की इतकी वर्षं आपण हे उगाच अवघड करून सांगत होतो.

शिबिराच्या उद्घाटनाला मालक दर वर्षी या शहराचा बेसबॉलचा इतिहास सांगायचे. पहिल्या वर्षीची मोटारसायकल आणि चहा त्यात होता, पण हळूहळू तो इतिहास वाढीस लागला. तिसऱ्या वर्षी संघटनेच्या लोकांनी कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत सगळी मैदानं पालथी घातली आणि शेवटी या माळावर येऊन मातीला हात लावून नमस्कार केला. पुढं पुढं त्यात एक अमेरिकन माणूस आला. तो म्हणे खास इथली माती बघायला आला होता आणि अशी माती आमच्याकडं नाही म्हणून हळहळला. खरी गोष्ट मला पंक्चरवाल्यानं सांगितली. शिर्डीला निघालेला कुणी एक गोरा पाहुणा रस्ता चुकून इकडं आला होता आणि त्याच्या गाडीचं चाक बसलं होतं. मालकांनी त्याला मांडवात आणून मठ्ठा पाजला, माळ दाखवला आणि "बेसबॉल?" असं विचारलं. पाहुण्यानं मान हलवली. तो पोलंडचा होता. मी हे एकदा मालकांच्या कानावर घातलं. त्यांनी शांतपणे विचारलं की पोलंडला माती वेगळी असते का.

आता कोमलचं सांगते.

कोमल तिथल्याच जवळच्या एका वाडीवरची. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते पाडव्याच्या आसपास परतायचे. ही आजीजवळ राहून कॉलेज करायची. दुसऱ्या शिबिराला ती मैत्रिणींबरोबर नुसती बघायला आली होती. कुंपणाबाहेर गेलेला चेंडू तिनं परत फेकला, तो थेट माझ्या ग्लोव्हमध्ये आला आणि माझा तळहात झणझणला. सर पळत कुंपणाकडं गेले. पुढच्या वर्षी ती राज्याच्या संघात होती आणि तिच्या पुढच्या वर्षी तिच्यावाचून आमचा संघ उभाच राहत नव्हता. कॅचरला आपल्या पिचरचं मन कळावं लागतं. कोमलच्या मनात काय चाललंय ते मला तिच्या खांद्यावरून कळायचं. त्या वर्षी शिबिराच्या सुरुवातीलाच तिचा खांदा आखडलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, लग्न ठरलंय.

मुलगा तिला पसंत होता. शेवगावकडचा, स्वतःची पिकअप चालवणारा, कमी बोलणारा. अडचण होती ती तारखेची. मुलाच्या वडिलांना, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, लग्न तातडीनं उरकायचं होतं, आणि त्यांनी काढलेली तारीख नेमकी राष्ट्रीय स्पर्धेच्या आठवड्यात होती. कोमलचे वडील त्यासाठी ऊसतोडीच्या टोळीतून मुद्दाम आले होते. चांगलं स्थळ हातचं जाईल या धास्तीनं ते बोलतच नव्हते. आणि कोमलला मोठ्यांपुढं तोंड उघडायची सवय नव्हती. चेंडू हातात नसला की ती फार भित्री मुलगी होती.

दोघं व्याही तारीख पक्की करायला आले ते मालकांकडंच. मालकांनी नवरीचं नाव विचारलं. ऐकलं. मग म्हणाले, तारीख शिल्लक नाही.

अण्णा म्हणाले, कार्यालय तर रिकामं दिसतंय, चार पोरी खेळतायत फक्त.

"कार्य चालू हाय," मालक म्हणाले. "पोरी स्पर्धा करून आल्याशिवाय मांडव उतरत न्हाई."

अण्णा चिडले आणि दुसरं कार्यालय बघतो म्हणून निघाले. त्यांना ठाऊक नव्हतं की तालुक्यातला प्रत्येक आचारी, बँडवाला आणि मांडववाला मालकांच्या हाताखालून गेलेला आहे. अण्णांची गाडी बाजारपेठेत पोचेपर्यंत मालकांचे फोन होऊन गेले होते. एका ठिकाणी हॉल होता, पण आचाऱ्याची पाठ धरली होती. दुसऱ्या ठिकाणी आचारी धडधाकट होता, पण बँड त्या दिवशी आळंदीला जाणार होता. तिसऱ्या ठिकाणच्या माणसानं, जो मुळात खोटं बोलण्यात कच्चा होता, मालकांनी तारीख द्यायची नाही असं सांगितलंय, हे सरळ सांगून टाकलं.

अण्णा दुपारी परत आले ते भांडायच्या तयारीनंच. मिशा फुरफुरत होत्या. आम्ही सगळ्या मैदानावर होतो, तिथपर्यंत आवाज येत होता. मालकांनी त्यांना बोलू दिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले की सून करून घेताय, तर ती काय काम करते ते एकदा बघा, मग तुम्ही म्हणाल ती तारीख. आणि त्यांना खांद्याला धरून माळावर घेऊन आले. मागून कोमलचे वडील आणि तो पिकअपवाला मुलगा.

कोमलनं सासरा येताना पाहिला आणि तिचे पुढचे दोन चेंडू माझ्या डोक्यावरून गेले. तिसरा बरोबर आला. मग आमच्या फलंदाज एकेक करून बाद व्हायला लागल्या. अण्णा थोडा वेळ बघत राहिले आणि मोठ्यानं म्हणाले की या पोरींनाच मारता येत नाही, त्यात हिचं काय कौतुक. तरुणपणी त्यांनी गावाकडं क्रिकेटमध्ये बरंच नाव कमावलं होतं.

मालकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी बॅट आणून अण्णांच्या हातात दिली.

सर म्हणाले हे नियमात बसत नाही, लागलं तर काय. मालकांनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. अण्णांच्या डोक्यावरची टोपी काढून तिथं हेल्मेट घातलं आणि टोपी स्वतः अदबीनं दोन्ही हातांत धरून उभे राहिले. अण्णा कुदळ धरावी तशी बॅट धरून होमप्लेटवर आले. मी त्यांच्या मागं बसले. कोमलनं हात वर केला, खेळ थांबवला आणि माझ्याकडं चालत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, मारू देऊ का त्यांना?"

मला काय सांगावं कळेना. मारू दिलं तर स्पर्धा जाणार, बाद केलं तर कदाचित स्थळ. मी तिला म्हटलं, तुझ्या मनाला येईल तसं टाक, मी पकडते.

तिनं मारू द्यायचं ठरवलं होतं. पहिला चेंडू इतका हळू आला की मधमाशी त्याच्या पुढं गेली असती. अण्णांनी जीव खाऊन बॅट फिरवली. चेंडू माझ्याकडं आला. दुसरा तिनं त्याहून हळू टाकला, जवळजवळ हातात आणून दिल्यासारखा. अण्णा स्वतःभोवती एक फेरी मारून खाली बसले. कोमल रडवेली झाली. याहून हळू चेंडू टाकता येत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

अण्णा उठले, धोतर झटकलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले. "लाड नको करूस, पोरी. नीट टाक."

तिनं चेंडू बोटांत फिरवून घेतला. मग तिचा खांदा सैल झाला, आणि मी ग्लोव्ह छातीशी घट्ट धरला.

तो चेंडू मी आजवर पकडलेल्या चेंडूंपैकी सर्वांत वेगवान होता असं मी म्हणणार नाही, पण अण्णांच्या कानाजवळून गेलेला त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत वेगवान असणार. ते हललेच नाहीत. चेंडू गेल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली आणि माझ्या ग्लोव्हमध्ये वाकून पाहिलं. चेंडू हातात घेतला, दाबून पाहिला. मला विचारलं, हात दुखत नाही का. मी म्हटलं, दुखतो. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि आता तू उभा राहा म्हणाले.

तो जागचा हलला नाही. "नको अण्णा," तो म्हणाला. "मला इथूनच दिसलं."

सगळे हसले. कोमलही हसली, आणि तिला हसताना पाहून तो लाजला. अण्णांचा चेहरा लाल झाला होता. मालक पुढं झाले, हेल्मेट काढलं, टोपी अण्णांच्या डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले की आता हात धुवा, बुंदी गरम आहे. अण्णा मुकाट्यानं हात धुवायला गेले. जेवून, पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, स्पर्धेनंतरची पहिली तारीख कोणती.

कोमलच्या वडिलांनी तेव्हा कुठं तोंड उघडलं. पाडव्यानंतरची धरली तर आमची टोळीही घरी आलेली असेल, एवढंच म्हणाले आणि लगेच खाली बघायला लागले. अण्णांनी त्यांच्याकडं आश्चर्यानं पाहिलं. हे आधी का नाही बोललात, असं विचारलं.

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत आमचा तिसरा नंबर आला. मालकांनी लाउडस्पीकरवर शहराला सांगितलं की पहिले दोन सोडले तर आपणच पहिले. लग्नाला अख्खा संघ हजर होता. सरांनी आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं की अक्षता खालून टाकायच्या, वरून नाही. तरी लांबून चेंडू फेकायची सवय असलेल्या आमच्या एका आउटफिल्डरच्या मूठभर तांदळांनी भटजींचा, खऱ्या भटजींचा, चष्मा उडवला. पुढच्या फेब्रुवारीत कोमलला शिबिराला सोडायला अण्णा स्वतः आले आणि राहिले. रोज बाभळीखाली बसून ते फलंदाजांच्या चुका काढायचे.

शिबिर तिथं बरीच वर्षं झालं. आता मीच संघाची प्रशिक्षक आहे. गेल्या वर्षी संघटनेनं शिबिर पुण्याला न्यायचं ठरवलं. तिथं हिरवं कृत्रिम गवत आहे, प्रकाशझोत आहेत, फिजिओ आहे. मुलींच्या भल्याचंच होतं, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मालकांना फोनवर सांगायला जीव धजेना, म्हणून मी आणि कोमल त्यांच्याकडं गेलो. मालक आता थकले आहेत. बायपासला दोन नवी लॉन्स झाली, त्यामुळं कार्यालयाची लग्नंही कमी झाली आहेत. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. रागावले नाहीत. मैदान चांगलं आहे का, विचारलं. चांगलं आहे म्हटलं. झोपायची सोय? पलंग आहेत. मग त्यांनी विचारलं, जेवण?

मी म्हटलं, तेही चांगलं आहे, बुफे असतो.

मालकीणबाई चहा घेऊन येत होत्या, त्या कप हातात धरून दारातच थांबल्या.

"उभ्यानं?" मालक म्हणाले.

मी मान हलवली. निघताना त्यांनी आम्हा दोघींना ब्लाउजपीस दिले आणि रस्त्यापर्यंत सोडायला आले.

पुण्यातल्या शिबिराच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या सुट्टीत, क्रीडासंकुलाच्या फाटकाशी काहीतरी गलका चाललाय म्हणून मी बाहेर गेले. एक पिकअप उभी होती. चालवत होता कोमलचा नवरा. शेजारी मालक, आणि मागं सतरंज्यांचा ढीग, पत्रावळी, झाकलेली पातेली आणि त्यांच्यामध्ये ऐसपैस बसलेले अण्णा. रखवालदार गाडी आत सोडत नव्हता. मालकांनी वाद घातला नाही. फाटकाबाहेर गाड्या लावायची सावलीची जागा होती, तिथं सतरंज्या टाकायला लावल्या आणि मला म्हणाले, पोरींना बोलाव.

मुली आल्या. त्यातल्या बऱ्याच नव्या, मालकांना न ओळखणाऱ्या. पण सतरंजी अंथरलेली आणि पत्रावळ मांडलेली दिसली की माणूस आपोआप बसतो. मालक वाकून वाकून बुंदी वाढत होते, अण्णा मठ्ठ्याची बादली घेऊन मागून येत होते, आणि नाही म्हणणाऱ्या मुलीच्या पत्रावळीवर हात आडवा असला तरी दोन बोटांच्या फटीतून वाढायची मालकांची हातोटी अजून तशीच होती.

तेवढ्यात संकुलाचे अधिकारी आले. परवानगी कुणाची, हे कोण लोक, गाड्यांच्या जागेत पंगत कशी, असं बरंच बोलत आले. मालकांना ते कोण हे ठाऊक नव्हतं. जेवणाच्या वेळेला एक माणूस उभा आहे, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना दोन मुलींच्या मध्ये खाली बसवलं आणि पुढं पत्रावळ ठेवली.

"आधी जेवा," म्हणाले. "भांडन मागनं करू."

साहेब जेवले. आमटी दोनदा घेतली. हात धुऊन रुमालानं पुसत माझ्याकडं आले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, हे लोक पुढच्या रविवारीही येणार आहेत का.

मी मालकांकडं पाहिलं. ते पिकअपच्या खिडकीशी उभे राहून कोमलच्या नवऱ्याला समजावत होते, की शिरूर सोडल्यावर आज जिथं चुकलो तिथं पुढच्या खेपेला उजव्या हाताला राहायचं.